कॅल्शियम ॲसिटेट की सेव्हेलामर? डायलिसिसवर असताना हाडांचा विचार

डायलिसिसच्या रुग्णाचा फॉस्फरस वाढला की घरात दोन गोळ्यांवर चर्चा सुरू होते. कॅल्शियम ॲसिटेट स्वस्त, सेव्हेलामर महाग. त्यात ‘हाडं दुखतायत, मग कॅल्शियमचीच बरी’ असं कुणीतरी म्हणतंच. इथेच गफलत होते.

दोन्ही गोळ्या जेवणातला फॉस्फेट (म्हणजे फॉस्फरसचंच रूप) आतड्यात धरून ठेवतात आणि तो शौचावाटे निघून जातो. पण 667 मिग्रॅच्या कॅल्शियम ॲसिटेटच्या एका गोळीत साधारण 169 मिग्रॅ निव्वळ कॅल्शियम असतं. तीन जेवणांना दोन-दोन धरल्या तर दिवसाला एक ग्रॅम झालं. त्यातलं जे रक्तात शिरतं, ते थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि हाड ते घेईलच असंही नाही. मग ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयाच्या झडपांवर साचत जातं. शिवाय कॅल्शियमच्या भाराने पीटीएच (हाडांतल्या कॅल्शियमची उलाढाल चालवणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) फारच दबलं तर हाडाची मोडतोड आणि नवी भर दोन्ही मंदावतात. म्हणजे हाडासाठी म्हणून घेतलेली गोळी हाडालाच सुस्त करू शकते. म्हणूनच केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कॅल्शियमवाल्या बाइंडरची, म्हणजे फॉस्फेट धरणाऱ्या गोळीची, मात्रा मर्यादित ठेवायला सांगितलं आहे.

सेव्हेलामरमध्ये कॅल्शियम नाही, ते रक्तात शोषलंही जात नाही. वर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरतं. जाच आहे तो खर्चाचा, मोठाल्या गोळ्यांचा, पोटफुगीचा आणि बद्धकोष्ठतेचा. गोळी पाण्याने फुगते, म्हणून चावायची नाही, अख्खी गिळायची. घेताना स्ट्रिपवर ‘कार्बोनेट’ लिहिलंय ना, बघा. ‘हायड्रोक्लोराइड’ने रक्तातलं आम्ल वाढू शकतं, आणि ते हाडाला मारकच.

यातली कुठलीही गोळी घेतल्याने फ्रॅक्चर टळतात, असं मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही. रिपोर्टमधला आकडा उतरणं वेगळं, हाड मजबूत होणं वेगळं.

माझं मत विचाराल तर रक्तातलं कॅल्शियम कमी आणि पीटीएच चढं असेल, तर कमी मात्रेत कॅल्शियम ॲसिटेट चालून जावं. कॅल्शियम वरच्या टोकाला, पीटीएच खाली किंवा एक्स-रेत रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसत असतील, तर ओढाताण करूनही सेव्हेलामरच. मधल्या लोकांना डॉक्टर कधी दोन्ही थोडं-थोडं देतात. खर्चाच्या दृष्टीने हे मला शहाणपणाचं वाटतं. लॅन्थेनम या तिसऱ्या बाइंडरच्या गोळ्या कमी लागतात, पण नीट चावून खाव्या लागतात, आणि त्याही स्वस्त नाहीत. ॲल्युमिनियमवालं औषध दीर्घकाळ नकोच, ते हाडात आणि मेंदूत साठतं. ॲसिडिटीच्या कित्येक पातळ औषधांत ते असतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचा.

गोळी कुठलीही असो, ती जेवणासोबतच हवी. उपाशीपोटी घेतली तर तिला धरायला फॉस्फेटच नसतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि बाइंडरमध्ये चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही.