आठ महिने टॅप करून पैसे दिले: कार्डावर खूश, स्लिपवर नाही

फेब्रुवारीपासून डेबिट कार्ड टॅप करूनच वापरतोय. मेडिकल, पेट्रोल पंप, किराणा, सगळीकडे. वेगाबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते मशीनमधून बाहेर येणाऱ्या स्लिपबद्दल.

मागच्या महिन्यात आईची औषधं घेतली, १,८४० रुपयांची. कार्ड मीच मशीनला टेकवलं, पिन विचारला नाही. पाच हजारांपर्यंत विचारत नाहीत, हे ठाऊकच आहे. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा दोन हजारांवरून वाढवली. घरी हिशेबाच्या वहीत स्लिप चिकटवताना खालची ओळ वाचली: ‘पिन व्हेरिफाइड ओके, सिग्नेचर नॉट रिक्वायर्ड’. मी तर बटणांना बोटही लावलं नव्हतं!

झोप उडाली. उद्या कार्ड हरवलं, कुणी चार दुकानांत टॅप केलं आणि स्लिपवर हेच छापून आलं तर? बँक म्हणणार, पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितलात. पिन दुसऱ्याला सांगणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात आणि तक्रार नोंदवेपर्यंतचं सगळं नुकसान आपल्या माथी येतं.

जुन्या स्लिपा काढल्या. निम्म्यांची शाई उडालेली. उरलेल्यांत पेट्रोल पंपाच्या स्लिपवर ‘पिन नॉट रिक्वायर्ड’, किराणावाल्याच्या स्लिपवर सहीसाठी रिकामी रेघ. तेच कार्ड, तसंच टॅप, आणि प्रत्येक मशीनचं म्हणणं निराळं.

शाखेत गेलो तेव्हा कार्ड बंदच करायचं ठरवलं होतं. काउंटरवरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “काका, ती ओळ मशीनमध्ये आधीच बसवलेली असते. आमच्याकडे वेगळी नोंद येते.” स्लिपवरचा बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, टाकून त्यांनी माझा व्यवहार काढला: कॉन्टॅक्टलेस, पिनशिवाय. तेव्हा जीव भांड्यात पडला. कार्ड असुरक्षित आहे असं घरी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, ते मागे घेतो. वाद झालाच तर हा आरआरएन हाताशी ठेवा.

दुसरा घोळ मुलीचा. तिने फोन टॅप करून ड्रेस घेतला. परत करायला कार्ड घेऊन गेली तर दुकानदार म्हणाला, “हे कार्ड ते नव्हे.” स्लिपवरचे शेवटचे चार आकडे खरंच जुळत नव्हते. कारण फोन खरा कार्ड नंबर देतच नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक पर्यायी नंबर, देतो. स्लिपवर त्याचेच आकडे येतात. सोय चांगली आहे, खरा नंबर दुकानात राहत नाही. पण हे गल्ल्यावरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही, आणि भर दुकानात चोर ठरल्यासारखी उभी राहिली ती माझी मुलगी. शेवटी तोच फोन पुन्हा टॅप केल्यावर पैसे परत मिळाले.

टॅप बंद केलेलं नाही. ॲपमध्ये टॅपची मर्यादा हजारावर आणली. त्यापुढे कार्ड आत घालून पिन टाकतो. मेडिकलवाल्याला मशीन दुरुस्त करून घ्यायला सांगून तीन आठवडे झाले, शनिवारी पुन्हा तीच ओळ आली. आता काउंटरवरच बॉलपेनने ‘पिन विचारला नाही’ असं स्लिपवर लिहितो, तारीख घालतो आणि शाई उडायच्या आत फोटो काढतो.