विंडोज १० ठेवायचं, ११ वर जायचं की मिंट? कोकणातल्या जुन्या मशीनसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपला. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही. त्यामुळे देवगडपासून दापोलीपर्यंत दुकानांत, बागायतदारांच्या घरी, होमस्टेच्या काउंटरवर तीच मशीन आजही चालू आहेत. अकरावर जायचं का, की मिंट ही लिनक्सवरची, विंडोजऐवजी चालणारी प्रणाली टाकायची, हा प्रश्न आता जो तो विचारतो, आणि ठरवतो मात्र ऐकीव तक्रारींवरून : टास्कबार हलत नाही, राइट क्लिक बदललंय, एआय स्क्रीनचे फोटो काढतं.

दिसण्याच्या तक्रारी आठवड्याभरात अंगवळणी पडतात. खरा निर्णय ठरतो तो मशीनला काय काय जोडलंय यावरून, आणि खाऱ्या हवेत ते मशीन बिघडलं तर आतली माहिती परत हाती लागेल का यावरून. म्हणून खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी प्रोसेसर बघा

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. पिढी नावातच असते : आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय३-६१०० म्हणजे सहावी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. एएमडीमध्ये ढोबळमानाने रायझन २००० पासून पुढे. पण २२००जी आणि २४००जी हे त्या मालिकेतले असूनही यादीत नाहीत. सोबत टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. कागदावर ४ जीबी पुरते, कामाला ८ लागते, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर अकरा टाकूच नये. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) नसेल तर पहिला खर्च तिचा.

प्रोसेसर आठव्या पिढीचा, तरी तपासणीत ‘मशीन चालणार नाही’ असं येतं, हे आपल्याकडे फार होतं. कारणं दोन. पहिलं, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद असतं. इंटेल बोर्डवर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने मिळेल, तिथे चालू करा. दुसरं कारण जास्त चिवट. दुकानात विंडोज १० टाकताना डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेले असतात आणि बायोस लेगसीवर, म्हणजे मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीवर असतं. अकराला नवी जीपीटी पद्धत आणि यूईएफआय लागतं. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या आज्ञेने डिस्क फॉरमॅट न मारता बदलता येते, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग किंवा एकही लॉजिकल भाग असला तर ती नकार देते. आपल्याकडे सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडायची सवय असल्याने बहुतेक जुन्या डिस्कवर लॉजिकल भाग सापडतोच. म्हणून आधी नुसती पडताळणी चालवा. ती नापास झाली तर बाहेरच्या डिस्कवर सगळं काढून कोरं इन्स्टॉलेशन करणं हाच सरळ मार्ग. पास झाली तर बदल करा आणि लगेच बायोसमध्ये जाऊन लेगसीऐवजी यूईएफआय लावा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनवर रुफससारख्या, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने अटी वगळून अकरा टाकता येतं, आणि ते चालतंही. आम्ही मात्र कामाच्या मशीनसाठी याची शिफारस करत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं, आणि पुढच्या आवृत्तीत काय बंद होईल याची हमी कुणी देत नाही. २४एच२, म्हणजे २०२४ च्या दुसऱ्या सहामाहीतल्या, आवृत्तीपासून कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन अशा जुगाडानेही सुरू होत नाहीत, कारण प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच त्यांच्यात नाहीत.

मिंटला यातलं काही लागत नाही. २ जीबी रॅमवर उभं राहतं, ४ जीबीवर बरं चालतं, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मशीनवर एसएसडी टाकली की हलकं वाटतं. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

तक्रारींपैकी किती शिल्लक आहेत

५ ऑक्टोबर २०२१ ला अकरा आलं तेव्हा ओरड झाली ती रास्त होती. टास्कबारवर फाइल ओढून टाकता येत नव्हती, उघड्या खिडक्यांची नावं दिसत नव्हती. पहिली सोय २२एच२ मध्ये परत आली, दुसरी २३एच२ मध्ये. टास्कबार बाजूला किंवा वर नेता येत नाही, ही तक्रार मात्र २५एच२ मध्येही खरीच आहे. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट दाबून क्लिक केलं की मिळतो. स्क्रीनचे फोटो साठवणारं रिकॉल फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपवर असतं आणि तुम्ही चालू केल्याशिवाय चालत नाही. जुन्या मशीनवाल्याने त्याची काळजी करू नये.

बदल्यात मिळतं ते थोडं, पण रोजच्या कामाचं : फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब, विंडोजची कळ आणि झेड दाबून दोन-तीन खिडक्या शेजारी मांडण्याची सोय, आणि आरएआर फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय उघडणं. वर्डपॅड २४एच२ पासून गेलं, त्यावर पावत्या करणाऱ्यांनी आधीच दुसरी सोय करावी.

खातं आणि कुलूप

ही तक्रार आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

अकरा नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं, आणि ते टाळण्याच्या जुन्या वाटा एकेक करून बुजवल्या जाताहेत. खातं उघडून दिलं की २४एच२ पासून होम आवृत्तीतही डिस्कवर आपोआप कुलूप (एन्क्रिप्शन) बसतं. ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. दहावरून अकरावर अपग्रेड केलं तर हे कुलूप बसत नाही. कोऱ्या इन्स्टॉलेशनला आणि नव्या लॅपटॉपला बसतं.

आता हे आपल्या हवेत ठेवून बघा. तारकर्लीत किंवा हर्णैला समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड खारं वारं आणि दमट हवा यांनी गंजतो. पूर्वी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो आणि हिशेब निघायचे. कुलूप असेल तर किल्लीशिवाय काहीच निघत नाही. दुसरा धोका बायोसच्या सेलचा. डेस्कटॉपच्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरलेला असतो, लाइट जाते, बायोस मूळ स्थितीवर येतं, काही बोर्डांवर पीटीटी आपोआप बंद होतं, आणि सकाळी निळ्या पडद्यावर किल्ली मागितली जाते. खातं दुकानातल्या मुलाने स्वतःच्या नंबरवर उघडलेलं असेल तर पुढचं सांगायला नको.

म्हणून अकरा घेणार असाल तर तीन गोष्टी त्याच दिवशी करा. खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. मशीन दुकानातून हलत नसेल, त्यात कुणाची खासगी कागदपत्रं नसतील, तर बंद केलेलं चालेल. फिरता लॅपटॉप असेल किंवा ग्राहकांचे आधार, पॅन त्यात असतील तर चालू ठेवा आणि किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. डेस्कटॉपचा सेल बदलून घ्या.

मिंटमध्ये खातं लागत नाही आणि कुलूप तुम्ही मागितलं तरच बसतं. या एका बाबतीत मिंट निर्विवाद सरस.

मशीनला काय जोडलंय

सेवा केंद्र असेल तर मिंटचा विचार सोडा. आधार पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राला आरडी सर्व्हिस (यंत्राची ओळख पटवणारं नोंदणीकृत सॉफ्टवेअर) लागते, आणि पुरवठादार तिची विंडोज व अँड्रॉइडवरची आवृत्ती सांभाळतात. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनचंही जवळपास तसंच. इथे आठव्या पिढीचं मशीन असेल तर अकरा, नसेल तर दहा चालवत नव्या मशीनची तयारी. नवं घेताना स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप टाळा. बॅटरी उत्तम चालते, पण त्यांना वेगळ्या जातीचे ड्रायव्हर (जोडलेली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) लागतात आणि जुने टोकन, जुने प्रिंटर तिथे अडतात.

टॅलीवर हिशेब असतील तर तोच निर्णय, कारण टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही.

प्रिंटरमध्ये आपल्याकडे दोन नावं जास्त दिसतात. कॅनन एलबीपी २९०० अकरावर ६४ बिट ड्रायव्हरने चालतो. आधी ड्रायव्हर बसवा, तो सांगेल तेव्हाच केबल लावा, उलटं केलं की विंडोज अर्धवट ओळखून बसतं. मिंटवर या प्रिंटरसाठी कॅननच्या कॅप्ट ड्रायव्हरशी झुंजावं लागतं, आम्ही तो नाद करू नका असं सांगू. एचपी लेझरजेट १०२० मिंटवर चालतो, पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्सवरच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचं जादा प्लगइन उतरवून घ्यावं लागतं, कारण हा प्रिंटर दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर) घेतो. प्लगइन नसेल तर छपाईचं काम पाठवल्यासारखं दिसतं आणि कागद हलत नाही.

डीटीपीवाल्यांचं गणित वेगळं आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावताराच्या जाहिराती अजूनही श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये, जुन्या पेजमेकरमध्ये पडून आहेत, आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचा हार्डवेअर लॉक मागे खोचलेला. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. ३२ बिट विंडोजवर चालणारी १६ बिट सॉफ्टवेअर त्यावर मुळीच उघडत नाहीत, आणि जुन्या लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर मिळेलच असं नाही. जुनं मशीन नेटपासून तोडून तसंच ठेवा, फाइल पेनड्राइव्हने न्या, आणि ईमेल व व्हॉट्सअॅपसाठी दुसरं मशीन ठेवा.

होमस्टेला मिंट खरोखर शोभतं. बुकिंग, ईमेल, यूपीआयचा हिशेब, परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत भरायचा सी फॉर्म, सगळं ब्राउझरमध्ये होतं. अडेल तो सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा जुना डीव्हीआर. काही डीव्हीआरचं पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दिसतं. अकरावर एजच्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये ते चालवता येतं, मिंटवर नाही. डीव्हीआरचं मोबाइल अॅप पुरत असेल तर प्रश्न मिटला.

मराठी टायपिंग

तिन्हीकडे ठीक. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी मानक मांडणी) आणि मराठी फोनेटिक (उच्चारानुसार मांडणी) दोन्ही आहेत, विंडोजची कळ आणि स्पेसबारने भाषा बदलते. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट आणि कागपा नावाची फोनेटिक मांडणी मिळते. सरकारी फाइल मंगल फाँटमध्ये असते आणि कोऱ्या दहावर किंवा अकरावर तो अनेकदा नसतो. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घेतले की ओळी जागेवर येतात. मिंटवर मंगल नसतो, नोटो हा दुसरा फाँट येतो, त्यामुळे अर्जाचं एक पान सव्वा पानावर जाऊ शकतं. पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा.

दहावरच थांबायचं असेल तर

घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी मशीन विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप खात्यात चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरइतकी रक्कम. एका नोंदणीत दहा मशीनपर्यंत चालतात. खातं नको म्हणून अकरा टाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इथेही मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच.

डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या नव्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) २०२८ पर्यंत येत राहतील, म्हणून काही जण नोंदणीच करत नाहीत. ते पुरेसं नाही. राखणदार दारात उभा आहे, पण भिंतीला पडलेली भोकं कुणी बुजवत नाही. बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर नोंदणी केल्याशिवाय दहा वापरू नका.

कधी करायचं आणि कसं

आंब्याचा सीझन सुरू झाला की पेट्यांची बिलं, ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठ्या, वाशीचे हिशेब यांत मशीनला हात लावू नये. जूननंतर विजा आणि लाइटीचा खेळ. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

अपग्रेड एसएसडीवर तासाभरात होतं, फिरत्या डिस्कवर तीन तासही घेतं. मधे लाइट गेली तर बहुतेक वेळा विंडोज मागे येतं, दर वेळी नाही. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच पुरतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा; साध्या मोडवर वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात संगणक रीस्टार्ट होतो. बायोस अपडेट तर लाइट नक्की राहील तेव्हाच, कारण ते अर्धवट राहिलं की बोर्ड गेला.

अकराची फाइल पाच जीबीच्या वर जाते, मिंटची तीनच्या आत. मोबाइलचा रोजचा डेटा यात संपतो, म्हणून एकदा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशीनना तीच वापरा. वायफाय मोबाइलवरून घेत असाल तर विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (डेटा जपून वापरणारं) करून ठेवा.

मिंटचा पेनड्राइव्ह लावून ‘लाइव्ह’ चालवता येतो, डिस्कला हात न लावता. तेवढ्यात प्रिंटर, वायफाय, डीव्हीआर, बँकेचं पान सगळं तपासून घ्या. अकरावर अपग्रेड केल्यावर दहा दिवसांत सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरीमधून गो बॅक दाबून दहावर परत येता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून जुन्या विंडोजचा विंडोज.ओल्ड फोल्डर उडवू नका. तो गेला की परतीची वाट फक्त फॉरमॅटची उरते.