दसऱ्याला जोडलेला पीसी: आठ महिन्यांत मेमरीनं दोनदा दिलेला त्रास

२०२४ च्या दसऱ्याला पूजेत मांडायचा म्हणून घाईघाईत जोडलेला हा पीसी. हे लिहितोय तेव्हा २०२५ चा जून संपत आलाय. या आठ महिन्यांत त्रास दिला तो फक्त मेमरीनं, म्हणजे रॅमनं, पण दोनदा, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं निघालं. एसएसडी, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, त्यामुळं हा अनुभव जवळजवळ सगळा रॅमचाच आहे.

मशीन असं आहे: रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक असलेला डीडीआर४ ३२०० चा किट, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही. मी परभणीत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. फोटोग्राफर कॅमेऱ्याचं कार्ड आणून टाकतात, मी १२ बाय ३६ इंची शीट लावतो. असल्या तीन-चार शीट एकदम उघडल्या की फोटोशॉप रॅम कशी खातं ते हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. रॅमच्या आणि बोर्डाच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडं एक नग वाईट निघाला म्हणजे कंपनी वाईट असं मला म्हणायचं नाही.

खंडेनवमीच्या रात्री दिवाणावर चादर अंथरून सगळं जोडलं. पंखे फिरले, पण डिस्प्ले काही येईना. बोर्डावर डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागून राहिला. इथं पहिली चूक माझी. या बोर्डाच्या रॅम स्लॉटला खटका एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू पक्की. खटक्याकडून ‘टक’ झालं की मला वाटलं बसली. दुसरं टोक केसभर वर राहिलेलं होतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून चांगलं दाबलं तेव्हा डिस्प्ले आला. नव्या रॅमसोबत पहिल्यांदा चालू करताना मशीन रॅमचं ट्रेनिंग करतं (तिच्याशी वेग जुळवून घेतं), त्यात मिनिटभर स्क्रीन काळाच राहू शकतो. त्या वेळात बटण दाबून बंद-चालू करू नका. मी तेही दोनदा केलं.

डिस्प्ले आला, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) मेमरी १६ जीबीच. दसऱ्याची पूजा अर्ध्या मेमरीवर झाली. आईनं हळदकुंकू वाहिलं ते नेमकं कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर, खाली पंखा. मी ओरडलो तर म्हणाली, “देवाचं लावलेलं बिघडत नसतंय.” दुसऱ्या दिवशी दुकानदारानं झाकण उघडल्यावर पहिलं बोट त्या कुंकवावरच ठेवलं. मग खोडरबर घेऊन रॅमचे सोनेरी पाय घासले. जुन्या, मळ धरलेल्या रॅमला तो उपाय चालतो, पण कालच पाकिटातून काढलेल्या रॅमला त्यानं काय होणार? शेवटी निकाल आला: “बोर्ड गेला समजा.”

मला ते पटलं नाही. घरी येऊन शांतपणे एकेक स्टिक लावून बघितली. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, म्हणजे रॅमकडं जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनल) चालतात. मी लावल्या तिथंच होत्या. आता पहिली स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये: चालली. दुसरी स्टिक एकटी त्याच स्लॉटमध्ये: चालली. कुठलीही एक एकटी चौथ्यात: पिवळा दिवा. म्हणजे दोन्ही स्टिक चांगल्या, गडबड चौथ्या स्लॉटच्या वाटेवर. आणि ही वाट बोर्डावर संपत नाही. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आजकाल प्रोसेसरच्या पोटात असतो, स्लॉटच्या तारा थेट त्याच्या पिनांपर्यंत जातात. बोर्ड गेला म्हणण्याआधी प्रोसेसर काढून बघायला पाहिजे होतं, आणि ते दुकानदाराच्या डोक्यात आलं नाही.

एएम४ चा, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटचा कूलर (खिडकीतला नव्हे) सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, सॉकेटचा दांडा लावलेला असला तरी. म्हणून आधी एका स्टिकवर मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, स्क्रू तिरपे-तिरपे सोडवले आणि कूलर डावी-उजवीकडं फिरवत सोडवला. प्रोसेसरला १३३१ पिना. मी मोबाईलची बॅटरी मारून अर्धा तास बघत बसलो, काही दिसलं नाही.

सराफ्यात माझा शाळेतला दोस्त आहे. डबीत घालून त्याच्याकडं घेऊन गेलो. डोळ्याला भिंग लावून तो दहा सेकंदांत म्हणाला, “काय बघायलास तू? ही काय, कोपऱ्याजवळ, दुसऱ्या ओळीत. आडवी झालीय की रे.” नथीचे फासे वळवायचा बारीक चिमटा काढला. मला वाटलं, एका झटक्यात मोडणार. त्यानं ती पिन तीनदा नुसती टेकवली, दर वेळी भिंगातून शेजारच्या ओळीशी जुळवून पाहिली, चौथ्यांदा थांबला. “मुलामाच आहे,” म्हणाला, “सोनं असतं तर इतकी कडक नसती.” पैसे घेतले नाहीत. त्याच्या भाचीच्या साखरपुड्याचा अल्बम तेवढा माझ्या नावावर लागला.

पिन वाकवली मीच. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला की तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो, बोटानं दाबावा लागत नाही. त्या रात्री मी बहुतेक दाबला असणार.

परत जोडल्यावर ३२ जीबी दिसली. विंडोजमध्ये वापरायला ३० च्या आसपासच मिळते, कारण ग्राफिक्स कार्ड नसल्यानं बायोसमध्ये मी २ जीबी डिस्प्लेसाठी राखून ठेवली आहे. ते काही बिघाडाचं लक्षण नाही. शिवाय ३२०० ची प्रत्येक रॅम आपोआप ३२०० वर चालत नाही. माझी २१३३ वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा लिहिलेला वेग देणारी सेटिंग) चालू केल्यावर ३२०० वर गेली, व्होल्टेज १.२ वरून १.३५. कार्ड नसलेल्या मशीनला या वेगाचा फरक डिस्प्लेतही जाणवू शकतो. मग पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ घेऊन रात्रभर लावलं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. सकाळी चहाच्या वेळेला शून्य चुका. दिवाळी, तुळशीचं लग्न, पहिली लग्नसराई, सगळं सुरळीत गेलं.

एप्रिलमध्ये दुपारचा पारा ४२ च्या पुढं गेला आणि दुसरा त्रास सुरू झाला. निळा स्क्रीन नंतर आला, आधी एक फोटो बिघडला. सप्तपदीचा फोटो होता. नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत ठीक, त्याखाली सगळा फोटो जांभळट आणि बोटभर उजवीकडं सरकलेला, जणू कुणी कापून परत चिकटवलाय. कार्ड खराब असेल म्हणून फोटोग्राफरला फोन केला. त्याच्या लॅपटॉपवर तोच फोटो स्वच्छ. कार्ड रीडर बदलला, यूएसबीचं पोर्ट बदललं. मग एक झिप उघडताना सीआरसीची (फाइल जशीच्या तशी आहे का या तपासणीची) चूक आली, तीच झिप तासाभरानं नीट उघडली. आठवड्यानं निळा स्क्रीन, खाली मेमरी मॅनेजमेंट. दोन दिवसांनी परत, या वेळी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दर वेळी वेगळा कोड येत असेल तर ड्रायव्हरपेक्षा मला रॅमचा संशय आधी येतो.

खात्री करायला एक सोपी युक्ती वापरली. रॅमपेक्षा मोठी, ४० जीबीची एक झिप घेतली आणि कमांड प्रॉम्प्टवर विंडोजच्याच सर्टयुटिलनं तिचा एसएचए२५६ हॅश (फाइलचा ठसा, फाइल तीच तर ठसा तोच) दोनदा काढला. फाइलला हात लावलेला नाही, तरी दोन वेळा दोन उत्तरं. फाइल मुद्दाम मोठी घ्यायची, नाहीतर विंडोज रॅममध्ये ठेवलेली तीच प्रत परत वाचतं आणि चूक झाकली जाते.

रात्री मेमटेस्ट लावलं तर सकाळी शून्य चुका. इथं मी दोन दिवस चक्रावलो. मग दुपारी दोन वाजता, खिडकीतला कूलर बंद ठेवून लावलं. चाळीस मिनिटांत लाल ओळी, सगळ्या एकाच पत्त्यावर, एकच बिट, म्हणजे रॅमचा एकच कप्पा. रॅमच्या प्रत्येक कप्प्यातला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून तो ६४ मिलिसेकंदांच्या आत परत भरावा लागतो. गरम झालं की गळती वाढते. काठावरचा एखादा कप्पा हिवाळ्यातल्या रात्री तग धरतो, परभणीच्या दुपारी नाही. एक्सएमपी बंद करून २१३३ वर आणलं, तरी दुपारी चूक आलीच, फक्त उशिरा. स्टिकची जागा बदलली तर चूक तिच्याबरोबर गेली. या वेळी दोष खरंच रॅमचा होता. बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती स्टिक वेगळी काढली.

त्या एका पत्त्याला वगळायची सोय विंडोजमध्ये आहे, बॅडमेमरीलिस्ट म्हणून. मी ती वापरली नाही. एक कप्पा गेला तर शेजारचा किती दिवसांचा? आणि लोकांच्या लग्नाचे फोटो त्यातून जातात.

वॉरंटीबद्दल तक्रार एकच. किट जोडीनं विकला म्हणून दोन्ही स्टिक मागवल्या, चांगलीसुद्धा. मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो, बिल आणि स्टिकरवरचे नंबर घेऊन तपोवन एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेलो, सर्व्हिस सेंटरला देऊन आलो. नवी जोडी यायला तीन आठवडे लागले, ऐन वैशाखात. तेवढे दिवस चुलतभावाच्या जुन्या मशीनमधली ८ जीबीची एक स्टिक लावून एकेक शीट उघडत काम उरकलं. संशय आल्यापासून जे जे कॉपी केलं होतं ते सगळं फोटोग्राफरांच्या कार्डांवरून परत घेतलं. दोघांनी तोवर कार्ड पुसलेलं होतं. त्यातले नऊ फोटो गेले ते गेलेच, आणि ते फोन करताना मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही.

नवी जोडी मेच्या शेवटी बसवली. दुपारी चार फेऱ्या, रात्री चार फेऱ्या, शून्य चुका. ४० जीबीच्या झिपचा हॅश आता दर महिन्याला एकदा काढतो, दोन्ही वेळा तोच येतो. मध्ये बायोस अपडेट केलं तेव्हा एक्सएमपी आपोआप बंद झालं आणि मशीन दोन आठवडे २१३३ वर चालत होतं. फोटोशॉपमध्ये माझ्या ते लक्षातच आलं नाही, टास्क मॅनेजरमध्ये सहज नजर गेली म्हणून कळलं.

दोन स्लॉट रिकामे आहेत. भाऊ म्हणाला, ती ८ ची राहू दे तुझ्याकडंच, ४० जीबी होईल. ती २४०० ची आहे, सोबत लावली तर चारचौघींत सगळ्यात हळू चालणारीच्या मागं बाकीच्या चालणार. पाकिटात घालून परत दिली.