ड्राय फूडला तोंड न लावणारी चिंगी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमची कुत्री चिंगी आता ड्राय फूड, म्हणजे कुत्र्यांसाठी पिशवीत मिळणारे तयार कोरडे दाणे, रोज खाते, पण कोमट पाण्यात भिजवून. नुसते कोरडे दाणे वाटीत टाकले तर आजही हुंगून निघून जाते. ज्यांचं कुत्रं पिशवीकडे पाहतही नाही, त्यांना आमच्या घरातल्या या काही महिन्यांचा उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही रत्नागिरीत राहतो. चिंगी गावठी कुत्री, वजन १५ किलोच्या आसपास, नसबंदी झालेली. लहानपणापासून ती भात आणि उकडलेल्या मासळीवर वाढली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मिळेल ती मासळी परवडत नाही आणि घरात आम्ही सुकी मासळी खायला लागतो. त्यातच डॉक्टरांनी तपासताना सांगितलं की भात आणि काटे काढलेली मासळी एवढ्यावर कुत्र्याला पुरेसं कॅल्शियम मिळत नाही. घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियमची पूड मोजून घालावी लागेल, नाहीतर सगळे घटक असलेलं तयार खाणं द्या. म्हणून पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांसाठीची, ‘संपूर्ण आहार’ असं स्पष्ट लिहिलेली पिशवी आणली. नुसतं ‘पूरक’ लिहिलेलं खाणं रोजच्या जेवणाला पुरत नाही, हे घेताना जरूर वाचा.

पहिल्या दिवशी तिने दाणे हुंगले, एक उचलला, चटईवर नेऊन ठेवला आणि शेजारी बसून राहिली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “मुक्या जनावराला खडे कसले घालतेस गो?”

इथे एक गोष्ट आधी पाहावी लागते. कुत्रं फक्त ड्राय फूड नाकारतंय की सगळंच? चिंगी माशाचा तुकडा दाखवला की उड्या मारत होती, म्हणजे भूक शाबूत होती. तरी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून नीट पाहिलं. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. मागची दाढ हलत असेल किंवा हिरडी सुजली असेल तर कडक दाणा चावताना दुखतं आणि आपण त्याला नखरे समजतो. आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा तापही फार. त्यात आधी खाणं सुटतं, ताप येतो, हिरड्या फिक्या पडतात. आवडीचं खाणंही दिवसभर नाकारलं, सोबत उलट्या किंवा मरगळ असली, तर खाण्याचे प्रयोग करत बसू नका, दवाखाना गाठा. पिल्लाच्या बाबतीत तर दिवसभरही थांबू नये.

चिंगीचे दात ठणठणीत निघाले. मग उरला वासाचा प्रश्न, आणि माझ्या मते न खाणाऱ्या निम्म्याअधिक कुत्र्यांची गोम इथेच असते. कुत्र्याच्या जिभेवर स्वादकलिका १७०० च्या आसपास, माणसाच्या सुमारे ९०००. पण नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर. ते नाकाने जेवतं म्हटलं तरी चालेल. आता हे दाणे कसे बनतात पाहा: धान्याचं पीठ, मांसाची भुकटी वगैरे मळून वाफेवर आणि दाबाखाली शिजवतात, साच्यातून काढून वाळवतात आणि शेवटी वरून चरबी आणि चवीचा लेप फवारतात. ज्या वासावर कुत्रं येतं तो या लेपाचा. दाण्यात पाणी जेमतेम १० टक्के, त्यामुळे वास मुळातच कमी सुटतो. आणि पिशवी उघडी राहिली की हवेने चरबी खवट होते.

खवट खोबरं कसं लागतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. बाजारात पोत्यातून सुटे दाणे तोलून मिळतात, स्वस्त पडतात. मी पाव किलो आणून पाहिले. मूठभर तळहातावर चोळून नाकाशी नेले तर अगदी तोच जुन्या खोबऱ्याचा वास. आमच्या पावसाळ्यात दाणे दोन दिवसांत सादळतात, बोटांनी दाबले की कुडकुडत नाहीत, आणि ओल धरली की बुरशीची भीती. तेव्हापासून सुटे घेणं बंद. छोटी सीलबंद पिशवी आणायची, तारीख बघायची, दाणे डब्यात ओतायचे नाहीत. पिशवीसकट, तोंड घट्ट दुमडून, स्टीलच्या डब्यात ठेवायचे. महिन्याभरात संपेल एवढंच आणायचं. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त दिसते, पण एका मध्यम कुत्र्याच्या घरात ती अर्ध्यावर येईपर्यंत वास उतरतो.

ताजी पिशवी आणि कोमट पाणी, या दोन गोष्टींनी खरा फरक पडला. पाणी उकळतं नको, बोट सहज बुडवता येईल इतपत. दाणे बुडतील एवढं घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवते. झाकण काढलं की वास स्वयंपाकघरभर होतो आणि चिंगी आपणहून दारात येते. भिजवलेलं उरलं तर अर्ध्या-पाऊण तासात टाकून द्यावं, इथल्या उकाड्यात ते लगेच आंबतं.

सुरुवातीला मात्र नुसत्या पाण्याने भागलं नाही. नेहमीच्या भात-मासळीत चौथा हिस्सा दाणे, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग पाऊण, असं वाढवत नेलं. सर्वसाधारणपणे आठवडा ते दहा दिवस सांगतात, आम्ही त्याहून सावकाश गेलो आणि तिचं पोट एकदाही बिघडलं नाही. वरून घालायला सगळ्यात उपयोगी पडला सुका जवळा. स्वच्छ निवडायचा, दोन पाण्यांतून धुवायचा म्हणजे मीठ बरंच कमी होतं, निथळून मंद तव्यावर कोरडा भाजायचा आणि खलबत्त्यात कुटायचा. त्याची चिमूटभर पूड भिजल्या दाण्यांवर पुरते. बांगडा मीठ-हळद न घालता उकडला तर त्याचं पाणीही चालतं, पण काटा एकही जाता कामा नये. गाळणीतून गाळूनच घ्या.

कालवणाचा रस्सा मात्र अजिबात नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असला तरी. चिकनच्या तयार सूपातही कांदा असतो, पाकीट वाचून घ्या. दूध घालून दाणे भिजवायचा सल्ला बरेच जण देतात, पण मोठ्या कुत्र्यांपैकी कित्येकांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

घरातली माणसं हा या सगळ्यातला अवघड भाग. वाटी नाकारली की आई पोळीचा तुकडा द्यायच्या, संध्याकाळी बाबांच्या चहाबरोबर बिस्किट, मुलाच्या ताटातलं आणखी काही. चिंगीला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात आणि वरखाऊ त्याच्या १० टक्क्यांत बसावं. एक मध्यम पोळीच शंभरेक कॅलरीची. मग वाटीकडे ती कशाला बघेल? वाटी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ठेवायची, वीस मिनिटांनी उचलायची, मधे काही नाही, असं ठरवलं. आईंना हे जड गेलं. त्यांचा जीव आहे तिच्यावर. शेवटी वाटी ठेवायचं काम त्यांच्याकडेच दिलं. आता जवळ्याची पूड त्याच कुटतात, आणि त्यांच्या हातून चिंगी माझ्यापेक्षा लवकर खाते.

परिणाम विचाराल तर वजन स्थिर आहे, शी घट्ट आणि वेळेवर, केस आधीपेक्षा तुकतुकीत. सध्या दोन हिस्से ड्राय फूड आणि एक हिस्सा घरचं, असं डॉक्टरांना विचारून बसवलं आहे. गावाला जाताना मासळी उकडत बसावं लागत नाही, हे सुख मोठंच.

तक्रारीही आहेत. खर्च भात-मासळीपेक्षा जास्त, बंदीचे महिने सोडले तर. ड्राय फूडने दात आपोआप साफ होतात हे मला तरी दिसलं नाही. साधा दाणा दाताच्या टोकाशीच फुटतो, हिरडीलगतचं कीटण तसंच राहतं. आठवड्यातून तीन-चार वेळा कुत्र्यांच्या पेस्टने ब्रश करावाच लागतो. माणसांची पेस्ट वापरू नका. आणि एप्रिल-मेच्या दुपारी चिंगी काहीच खात नाही, मग संध्याकाळची वाटी ऊन उतरल्यावर आठ वाजता ठेवतो.

ज्यांच्याकडे म्हातारं, दात पडलेलं किंवा किडनीचा त्रास असलेलं कुत्रं आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नये, त्यांचा आहार डॉक्टरांनीच ठरवावा. बाकीच्यांनी पुढची पिशवी आणण्याआधी घरातल्या दाण्यांचा एकदा वास घेऊन बघा. खवट आला तर ब्रँड बदलायची घाई नको, आधी ताजी छोटी पिशवी आणा.