जळगावातील कॅफेची 'गाण्यांची क्रमवारी': मोजणी चोख, ऐकवणे अपुरे

जळगावच्या महाविद्यालयीन परिसरातील एका छोट्या कॅफेत महिन्यातून एका शनिवारी चाहत्यांकडून गाण्यांची क्रमवारी लावून घेतली जाते. दीडशे रुपयांत प्रवेश, एक कोल्ड कॉफी आणि एक मतपत्रिका मिळते. तिच्यावर आपली पाच आवडती गाणी पसंतीच्या क्रमाने लिहायची, पहिल्याला पाच गुण आणि पाचव्याला एक. मग बेरीज करून दहाव्या क्रमांकापासून वर चढत गाणी वाजवायची, अशी येथील रीत आहे. या वेळचा विषय होता बळ देणारी इंग्रजी पॉप गाणी, म्हणजेच तरुण मंडळी ज्यांना 'एम्पॉवरमेंट अँथम' म्हणतात ती.

मोजणीत नाव ठेवायला जागा नाही. ती सर्वांसमोर फळ्यावर होते आणि गुणांच्या पद्धतीमुळे एखादे टोळके एकाच गाण्याला डोक्यावर घेऊन पहिला क्रमांक पळवू शकत नाही. केटी पेरीच्या 'रोअर'ला पहिल्या पसंतीची मते सर्वाधिक मिळूनही ग्लोरिया गेनरचे 'आय विल सर्व्हाइव्ह' बेरजेत वरचढ ठरले, कारण ते जवळपास प्रत्येकाच्या पत्रिकेत कुठे ना कुठे होते. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमाला या हिंदी गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमात निवेदक अमीन सायानींच्या तोंडून 'पायदान' (म्हणजे क्रमांक) ऐकत वाढलेल्यांना ही उत्कंठा नवी नाही. शेजारच्या टेबलावरील काकूंनी कवयित्री बहिणाबाईंचे नाव लिहिले होते. ते विषयाबाहेर म्हणून बाद झाले आणि नियमानुसार ते योग्यच होते, तरी त्यांचे जन्मगाव आसोदे इतके जवळ असताना ते ऐकून हसू आले.

माझी तक्रार ऐकवण्याविषयी आहे. वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक गाण्याचे फक्त धृपद वाजवले जाते, आणि या प्रकारच्या गाण्यांवर त्याहून मोठा अन्याय नाही. 'आय विल सर्व्हाइव्ह'ची सुरुवात पियानोच्या लहरीने आणि घाबरून गेल्याच्या कबुलीने होते; ताल नंतर येतो आणि त्या भीतीमुळेच पुढच्या निर्धाराला वजन मिळते. १९७८ मध्ये ते आधी रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकले गेले होते, डिस्कोत रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी ते उचलून धरले, आणि १९८० मध्ये त्याला डिस्कोसाठीचे ग्रॅमी मिळाले, जे त्या एकाच वर्षी दिले गेले. हे सारे निवेदिकेने छान सांगितले, पण पियानो मात्र ऐकवला नाही.

निवेदिका गाण्यांच्या अधेमधे समीक्षकांची मतेही सांगते, हा भाग मला सर्वांत आवडला. ओटिस रेडिंगचे 'रिस्पेक्ट' हे पुरुषाचे आर्जव होते. अरिथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये त्यात शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारणारी ओळ घातली आणि ते स्त्रीची मागणी झाले. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या पाचशे सर्वश्रेष्ठ गाण्यांच्या यादीत २००४ साली ते पाचवे होते, तर २०२१ च्या यादीत पहिले आले. याउलट केटी पेरीच्याच २०२४ मधील 'वूमन्स वर्ल्ड'वर समीक्षक तुटून पडले. त्यातील स्त्रीगौरव घोषणांपुरता उरतो, असा आक्षेप होता. शिवाय केशा या गायिकेशी ज्यांचा न्यायालयीन वाद २०१४ ते २०२३ चालला, त्या संगीत निर्माते डॉ. ल्यूक यांचा या गाण्यातील सहभागही अनेकांना खटकला. गाण्याची चित्रफीत उपहासात्मक असल्याचे पेरी यांनी सांगितले, तरी टीका थांबली नाही. यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ताई, समीक्षकांना नाचायचं नसतं, आम्हाला नाचायचंय." टाळ्या तिलाच पडल्या, आणि मला तिचे म्हणणे निम्मे पटते: नाचण्यासाठी धृपद पुरते. परंतु गाणे कोणत्या संकटातून वर आले हे सांगणारी कडवी कापली की 'आय विल सर्व्हाइव्ह' आणि 'वूमन्स वर्ल्ड' यांत फक्त आवाजाचा फरक उरतो. समीक्षकांचा आक्षेप ऐकवायचा आणि त्याच वेळी प्रत्येक गाण्याला घोषणेच्या मापाचे करून टाकायचे, हे विसंगत आहे. दहाऐवजी पाचच गाणी, पण पूर्ण वाजवावीत.

कोल्ड कॉफी फार गोड आहे, ठेच्याचे सँडविच मात्र मागवावेच. स्पीकरजवळची टेबले टाळावीत. उन्हाळ्यात कूलरचा आवाज असल्याने मागे बसल्यास निवेदन ऐकू येत नाही, म्हणून खिडकीकडील मधली रांग बरी. मतपत्रिका सातच्या आत द्यावी लागते.