दही, कुजकं गवत आणि ४०एक्सची लेन्स

ठाणे स्टेशनजवळच्या लॅब सामानाच्या दुकानातून साडेसहा हजारांना साधा, एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप घेतला. मी पाचपाखाडीत अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. पेशींचे सुंदर फोटो मला नको होते. जिवंत हालचाल मुलांना दाखवायची होती. त्या कामात पैसे पुरते वसूल झाले.

आधी दह्याच्या निवळीचा थेंब ४०एक्सच्या, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली ठेवला. डायफ्रॅम (खालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटवला की जिवाणूंच्या बारीक काड्या उठून दिसतात. त्या जागच्या जागी थरथरतात, जात कुठेच नाहीत. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात, त्याची ही ब्राउनियन गती. मग पाण्यात कुजवलेल्या गवताचा थेंब ठेवला, आणि आयपीसपाशी मुलांची ढकलाढकली सुरू झाली. इथले जिवाणू सरळ धावतात, थबकतात, दिशा बदलून पुन्हा सुटतात. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची अशी धाव साधारण सेकंदभराची असते, हे शास्त्रज्ञ हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूचा माग काढून दाखवलं. एवढ्याशा जिवाला पाणी भयंकर चिकट लागतं. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये हिशोब मांडला होता की शेपटी फिरायची थांबली तर जिवाणू अणूच्या रुंदीइतकाही पुढे घसरत नाही. म्हणजे पाण्याच्या ओघात नुसतं वाहणारं सोडलं, तर जे जे पुढे सरकताना दिसतंय ते त्या क्षणी स्वतःची ऊर्जा खर्च करतंय! बंगळुरूचे भौतिकशास्त्रज्ञ श्रीराम रामस्वामी ज्या ॲक्टिव्ह मॅटरवर, म्हणजे स्वतःची ऊर्जा खर्चून हलणाऱ्या गोष्टींच्या समूहांवर संशोधन करतात, ते हेच. फळ्यावर कितीही बाण काढले तरी हे असं पोचत नाही.

कव्हरस्लिपखाली, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेखाली मुद्दाम एक बुडबुडा अडकू द्या. थोड्या वेळाने ऑक्सिजनसाठी त्याच्या काठाशी जिवाणूंची झुंबड उडते.

एलईडी तापत नाही, त्यामुळे थेंब लवकर सुकत नाही. कडांना व्हॅसलीन लावलं तर आणखी टिकतो. स्टेजच्या क्लिपा फार ताठ आहेत. १००एक्सची ऑइल लेन्स (तेलाच्या थेंबात टेकवून वापरायची) सोबत मिळते, पण चित्र धूसर येतं. खोक्यावरच्या ‘२००० पट’ला अजिबात भुलू नका. दुकानदार काका लेन्स लावून निवांत बघू देतात, तेव्हा घरूनच दह्याची स्लाइड घेऊन जा आणि ४०एक्सवर काड्या स्पष्ट दिसल्या तरच पैसे द्या.