स्वतःची फाइल घेऊन या: नागपुरातील एका स्त्रीवादी प्रशिक्षणाविषयी

गेली अकरा वर्षे मी नागपुरातील एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते आहे. या काळात लिंगभाव या विषयावरची सहा-सात प्रशिक्षणे मी केली असून त्यांपैकी बहुतेकांतून माझ्याकडे प्रमाणपत्राखेरीज काही उरलेले नाही. पडद्यावर कलमे दाखवायची, ती वाचून दाखवायची आणि साडेचारला चहा देऊन लोकांना सोडायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे मे महिन्यात धंतोलीतील एका सभागृहात, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी चार दिवसांचे 'सहभागी पद्धतीचे स्त्रीवादी प्रशिक्षण' झाले, तेव्हा मी फारशी उत्सुक नव्हते. आम्ही चोवीस जण होतो: संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करणारे अधिकारी), पोलीस कर्मचारी, परिचारिका, कार्यालयांतील लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समित्यांचे सदस्य, बचत गटांच्या समन्वयक आणि माझ्यासारख्या समुपदेशक. शुल्क साडेतीन हजार रुपये होते आणि त्यात दोन वेळचा चहा व दुपारचे जेवण होते.

या प्रशिक्षणाचे सारे वेगळेपण दुसऱ्या दिवशी आहे. प्रत्येकाने आपल्या कामातील बंद झालेल्या एका प्रकरणाची प्रत, सर्व नावे व पत्ते काळे करून, सोबत आणावी अशी सूचना आधीच मिळाली होती. सकाळी जोड्या पाडल्या गेल्या, फायलींची अदलाबदल झाली आणि प्रत्येकाच्या हाती एक लाल व एक निळी पेन्सिल आली. बाई स्वतः जे बोलली आहे त्याखाली लाल रेघ आणि तिच्याविषयी इतरांनी जे म्हटले आहे त्याखाली निळी रेघ, एवढीच सूचना होती. माझी फाइल अकरा पानांची होती आणि तिच्यात लाल रेघा पडल्या फक्त चार ओळींखाली. सासू, दीर, सामनेवाला (म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होता तो), बिट हवालदार आणि मी स्वतः, असे आम्ही सगळे त्या कागदांवर भरपूर बोललो होतो. माझी फाइल वाचणाऱ्या संरक्षण अधिकारी ताईंनी शेवटच्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवले. 'अर्जदारास समजावून सांगितले असता ती नांदण्यास तयार झाली,' असे ते माझ्याच अक्षरातले वाक्य. त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "ताई, समजावून सांगितले म्हणजे नेमके काय सांगितले?" मला उत्तर देता आले नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, त्यासाठी ती न्यायालयाकडून निवासाचा आदेश मागू शकते आणि छत टिकवण्यासाठी मारहाण सोसत नांदण्याची अट कायद्यात कुठेही नाही, हे मी तिला सांगितले होते की नाही, याचा त्या अकरा पानांत मागमूस नव्हता. कलमे मला पाठ होती आणि आधीच्या सगळ्या प्रशिक्षणांनी मला तेवढेच दिले होते.

दुपारी त्याच दोन पेन्सिली मथुरा प्रकरणावर चालल्या. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरड केल्याचे दिसत नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालाचा ओघ होता. त्याविरुद्ध 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हापासूनची आहे. हा इतिहास आमच्यापैकी अनेकांना माहीत होता. परंतु निकालातील उतारे मराठीत भिंतीवर लावलेले असताना त्यांखाली निळ्या रेघा ओढत जाणे आणि सकाळी आपल्याच फायलीत तशाच रेघा पाहिलेल्या असणे, यातून जे कळले ते व्याख्यानातून कळले नसते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि माझे टिपण यांचे वजन अर्थातच एक नाही, पण दोन्हींत बाईच्या वतीने इतरांनीच बोलून घेतले होते.

पहिल्या दिवशीचे 'चोवीस तासांचे घड्याळ', म्हणजे दिवसाच्या कोणत्या तासाला काय करतो ते घड्याळाच्या चित्रात भरणे, अनेकांनी पूर्वी केलेले असते. येथे त्याला एक जोड होती. पुरुषांनी आधी पत्नीचे घड्याळ आपल्या समजुतीने भरायचे आणि मग घरी फोन करून ते पडताळायचे. एका सहायक फौजदारांनी दुपारी दोन ते चार या वेळेत 'आराम' लिहिले होते. ते व्हरांड्यातून फोन करून परत आले, तो शब्द खोडला आणि म्हणाले, "दुपारी टँकर येते म्हणते, तवा ती रांगेत राहते." कोणी हसले नाही. त्यानंतरच सत्र चालवणाऱ्या सहजकर्त्या बाईंनी 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे फळ्यावर लिहिले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि जे पुरुष घरकाम करत होते ते 97 मिनिटे. आकडा अनुभवानंतर आला म्हणूनच तो टोचला, आणि हा क्रम त्यांनी चारही दिवस सांभाळला.

सहभागींची घेतलेली काळजीही नोंदवण्यासारखी आहे. तिसऱ्या दिवशी एक परिचारिका स्वतःच्या घरातले काही सांगू लागल्या, तेव्हा कूलरच्या घरघरीत त्यांचा आवाज पोहोचत नव्हता. कोणीतरी उठून कूलर बंद केला आणि त्या मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही वीस मिनिटे घाम पुसत त्यांचे ऐकले. सहजकर्त्यांनी त्यांना थांबवले नाही, त्यांच्याकडून अधिक काढूनही घेतले नाही. शेजारच्या खोलीत एक समुपदेशक बसवलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे जायचे की नाही, हे त्या बाईंवरच सोडले होते. सहभागी पद्धतीत माणसे उघडी पडतात. ती जबाबदारी न घेता असे खेळ घेणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत.

जातीच्या सत्रावर मात्र माझा गंभीर आक्षेप आहे. चौथ्या दिवशी जेवणानंतर ते जेमतेम पाऊण तासात उरकले गेले. उदाहरणे बाहेरची होती आणि पत्रकांची मराठी तर सरळ भाषांतरित, अडखळणारी होती. हे नागपुरात व्हावे याचे मला वाईट वाटले. जुलै 1942 मध्ये याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती आणि डॉ. आंबेडकरांनी तिच्यासमोर भाषण केले होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या व विडी कारखान्यांतील कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव त्या स्त्रियांनी मांडले. त्याच्याही आधी दलित समाजसुधारक जाईबाई चौधरींनी इथे मुलींसाठी शाळा काढली होती. त्या ठरावांची पाने गटांना वाचायला दिली असती, तरी जात आणि लिंगभाव वेगळे काढता येत नाहीत, हे वेगळे शिकवावे लागले नसते.

दुसरी उणीव आयोजकांइतकीच आमच्या कार्यालयांची आहे. अंतर्गत समित्यांवरील ज्या सदस्या आल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीच्याही वरिष्ठाने हजेरी लावली नव्हती. लैंगिक छळाची चौकशी 90 दिवसांत पूर्ण करण्याचे बंधन 2013 च्या कायद्याने घातले आहे, पण साक्षीदारांना कामातून मोकळीक देणे आणि तक्रारदार किंवा आरोपी यांची तात्पुरती बदली करणे वरिष्ठांच्याच हाती असते. आयोजकांनी निदान एक दिवस निर्णय घेणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यांना समोर बसवल्याशिवाय त्या कार्यालयाचे नाव नोंदवू नये. शिवाय सभागृह पहिल्या मजल्यावर असून तिथे लिफ्ट नाही. कुबड्यांवर चालणाऱ्या एका सहभागी ताईंना दिवसातून चार वेळा जिना चढावा लागला, आणि समानतेच्या प्रशिक्षणात ही गोष्ट खपवून घेण्यासारखी नाही.

हे सारे जमेस धरूनही मी माझ्या केंद्रातील दोन्ही नव्या समुपदेशकांना पुढच्या तुकडीसाठी पाठवते आहे आणि त्यांचे शुल्क केंद्राने भरावे असा अर्जही दिला आहे. जाणाऱ्यांनी एकच पथ्य पाळावे. फाइल स्वतःचीच न्यावी, आणि तीही जी चांगली निकाली निघाली असे वाटते तीच. आमच्या तुकडीत तिघे फाइल न आणताच आले होते. त्यांना नमुन्याची प्रकरणे दिली गेली आणि त्यांच्या लाल-निळ्या रेघा कोणा दुसऱ्याच्याच अक्षरावर पडल्या.